चंद्रावतीच्या दोणीतले डास

कोरगावातल्या कमलाक्षी आणि चंद्रावती या सख्ख्या जावा. दोघींच्या परसांत मधे दगडमातीचा बुटका गडगा, आणि गडग्याच्या दोन्ही बाजूंना गुरांच्या पाण्याची एकेक दगडी दोण. चंद्रावतीचा फणस लगडला तेव्हा कमलाक्षी आठवडाभर गडग्याकडे पाठ करून धुणं वाळत घालत होती. फणसाचा हेवा एक वेळ समजू शकतो. यंदा तिला हेवा वाटला तो डासांचा.

डिचोलीची तनया मलेरियावर संशोधन करते. गावभर फिरून तिने डासांच्या अळ्या नेल्या आणि चंद्रावतीच्या दोणीतल्या अळ्यांत तिला हवा तो जिवाणू सापडला. हा डासाच्या पोटात भाडेकरूसारखा राहतो आणि मलेरियाच्या जंतूला तिथे बिऱ्हाड करू देत नाही. असाच जिवाणू समुद्रकाठच्या हरमल गावात एका घरीही सापडला होता. दोहोंपैकी एका जागी जाळीची खोली बांधून वर्षभर अभ्यास व्हायचा होता.

चंद्रावती बाजारात सांगत सुटली, "आमचे डास शिकलेले."

"चावतत मात्र अडाण्यासारखे," कमलाक्षी म्हणाली. पण त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. तिने तनयाला गाठून विचारलं, "माझीय दोण बघशीत गो?" तनया म्हणाली, "उद्या सकाळी येते."

तनया यायच्या आधी चंद्रावती भाजीला गेलेली पाहून कमलाक्षीने गडग्यापलीकडून अळ्यांची कळशी भरून आणली. इथपर्यंत हिशोब चोख होता. पण दारात शिकलेलं माणूस येणार, आणि दोण शेवाळलेली? तिने ती नारळाच्या सोडणाने घासली, ब्लीचिंग पावडर टाकून लख्ख केली आणि मग त्यात चोरीच्या अळ्या सोडल्या.

तनया आली तेव्हा अळ्या तळाशी निपचित पडल्या होत्या. तिला वास आला, आणि हसू आवरत ती म्हणाली, "मावशी, इतकी स्वच्छ दोण मी अख्ख्या पेडणे तालुक्यात पाहिली नाही. पण ब्लीचिंगमध्ये अळ्याही मरतात आणि जिवाणूही."

वाक्याचा पहिला अर्धा भाग गडग्यापलीकडे पोचला. नुकतीच बाजारातून आलेली चंद्रावती तेवढाच ऐकून आत गेली.

तनया गेल्यावर पलीकडून खरडल्याचा आवाज येऊ लागला. कमलाक्षीने डोकावून पाहिलं. चंद्रावतीच्या एका हातात सोडण, दुसऱ्या हातात पावडरचा डबा. कमलाक्षीला आधी गोड वाटलं. जाळीची खोली आता चंद्रावतीकडे होत नाही. मग कुठे होईल, हे आठवताच तो गोडवा गेला, आणि पदर खोचून ती गडगा ओलांडून गेली.

"चंद्रा, ठेव तो डबो."

"कित्याक वयनी? निर्मळ दोण काय तुझीच आसूची?"

"तुझी घाणच व्हयी आसा त्यांका. पावडर पडली काय तुझे डास संपले, आणि खोली गेली हरमलाक. त्यांच्याकडे दर्या आसा, गोरे आसत. आता डासय त्यांकाच देऊचे?"

चंद्रावतीने डबा खाली ठेवला आणि गडग्यावरून वाकून कमलाक्षीच्या दोणीत तळाशी मेलेल्या अळ्या पाहिल्या. "तुझ्या दोणीत काल एकय अळी नव्हती. आज खंयसून इल्यो?"

कमलाक्षीने पावडरच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं.

"डास माझे," चंद्रावती म्हणाली. "खोलयेचा दार व्हया तर तुझ्या वाटेन करूया."

"म्हणजे येणारे-जाणारे माझ्याकडे कपभर च्या पितले?"

"पितले. आणि मगे माझ्याकडे येवन चांगलो पितले."