गाळलेली पानं

आजवर माणसांनी मला वाचलं. आज मी बोलतेय, जरा ऐका. मी एक कादंबरी आहे. एक आई आणि तिच्या तीन मुली, एवढाच माझा संसार. छापखान्यातून बाहेर पडले तेव्हा अंगाला शाईचा वास होता आणि डोक्यात हवा. वाटायचं, मला वाचून माणसं बदलतील.

एका लहानशा वाचनालयानं मला विकत घेतलं. तिथल्या ग्रंथपाल बाई पुस्तक परत घेताना विचारायच्या, "कसं वाटलं?" गंमत अशी, की माझ्याबद्दल विचारलं तरी लोक स्वतःच्या आईबद्दलच सांगायचे. कुणी म्हणे, माझी आई यापेक्षा कडक होती. कुणी नुसतेच डोळे पुसून दुसरं पुस्तक मागायचं. एकीनं माझ्या समासात पेन्सिलीनं लिहिलं, 'आई अशी नसते.' दुसरीनं त्याखाली लिहिलं, 'तुमची नसेल.' बाईंनी दोन्ही खोडलं, पण खोडण्याआधी दोनदा वाचलं.

एक निवृत्त गृहस्थ मला टेबलावर आपटून म्हणाले, "तीन मुली, एक आई आणि एकही पुरुष धड नाही! लेखिकेचं कुणी काय वाकडं केलं होतं?"

"भेटलं असेल कुणी तुमच्यासारखं," बाई म्हणाल्या आणि शांतपणे शिक्का मारला.

असे दिवस मजेत चालले होते. मग थोरलीनं मला घरी नेलं.

थोरली म्हणजे एका मोठ्या लॉन्ड्रीत इस्त्री करणारी बाई. चाळिशी उलटलेली, अबोल. जेवणाच्या सुट्टीत चादरींच्या गठ्ठ्याला टेकून ती मला वाचायची. वाफेनं माझी पानं फुगली, कोपरे वळले, पण इतकं मन लावून मला कुणी वाचलं नव्हतं.

माझ्या मध्यावर एक प्रकरण आहे. नवरा गेलेला, आईला कामावर जायचं असतं, धाकटं पोर तान्हं. म्हणून ती थोरल्या मुलीला शाळेतून काढते. मुलगी दप्तर सोडत नाही. आई ते हिसकावते, खिळ्याला टांगते आणि दुसऱ्या दिवसापासून त्यात कपड्यांचे चिमटे ठेवू लागते.

थोरलीला सुट्टी संपल्यावरही ते प्रकरण सोडवेना. एका हातात मी, एका हातात इस्त्री. इस्त्री जागच्या जागी थांबली.

"अगं ए, धूर निघतोय!" शेजारची ओरडली. "आग पुस्तकात लागलीय की चादरीत? आता मालकाला काय सांगशील?"

"सांगेन, आईची आठवण आली."

शेजारची हसली. थोरली हसली नाही. तिच्याही घरी हेच घडलं होतं. धाकट्या बहिणीला सांभाळायला तिला शाळेतून काढलं होतं. धाकटी पुढे शिकली, शिक्षिका झाली. घरात मात्र एक वेगळीच गोष्ट रूढ झाली होती. पाहुण्यांपुढे आई दरवेळी म्हणायची, "थोरलीला शाळेची आवडच नव्हती हो. घरकामाची भारी हौस." थोरली पाण्याचे पेले पुढे करत ते ऐकायची.

तिला पैसा नको होता, माफीही नको होती. 'तुला शिकायचं होतं, मी थांबवलं,' एवढं आईनं एकदा म्हणावं, बस. पण हे मागायचं कसं? तोंडानं जमेना, म्हणून तिनं मला पुढे केलं.

आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होते. धाकटी संध्याकाळी तिला वाचून दाखवायची. थोरलीनं मला धाकटीच्या हातात ठेवलं. "हे वाच आईला. सगळं वाच."

धाकटीचा आवाज गोड होता. आई खाटेवर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत ऐकायची, मध्येच म्हणायची, "या मधलीला एक ठेवून द्यायला हवी." मला वाटलं, आता माझ्या जन्माचं सार्थक होणार.

ते प्रकरण आलं. धाकटीची नजर शब्दांच्या पुढे धावली आणि थबकली. तिनं एकदा आईकडे पाहिलं. मग चार-सहा पानं एकदम उलटली, आणि न अडखळता म्हणाली, "मग थोरली म्हणाली, आई, मला शाळा नकोच. मी बाळाला सांभाळते."

हे वाक्य माझ्यात कुठेच नाही! मी हातात होते, उघडी होते, आणि मला ओरडता येत नव्हतं. शेवटाशी आई मुलीजवळ सगळं कबूल करते, तीही पानं तिनं पुढे अशीच गाळली. वाईट हेतूनं नव्हे. आजारी आईला लागू नये म्हणून. आणि कदाचित स्वतःलाही लागू नये म्हणून. ते तान्हं पोर तीच होती ना.

आई घडी घालता घालता म्हणाली, "अगदी आपल्या थोरलीसारखी. तिलाही शाळा कुठे आवडायची!"

थोरली नेमकी तेव्हाच कामावरून आली होती. दारात एक चप्पल पायात, एक हातात. वाचलेलं तिनं ऐकलं नव्हतं, आईचं बोलणं तेवढं ऐकलं.

स्वयंपाकघरात तिनं धाकटीला विचारलं, "शाळेचा भाग वाचलास?"

"वाचला ना, ताई," धाकटी भांडी लावत म्हणाली.

"सगळा?"

"सगळा."

थोरलीनं मान हलवली. आईनं सगळं ऐकलं आणि तरीही असं म्हणाली, असाच तिचा समज झाला. लॉन्ड्रीची दुसऱ्या शहरात शाखा निघत होती, तिथे जायला कुणी तयार नव्हतं. तिनं हो म्हटलं. जाताना आई म्हणाली, "एवढ्या लांब कशाला गं?" ती म्हणाली, "मला आवड आहे कामाची." आईला त्यातला काटा कळला नाही. मला कळला. मी वाचनालयात परत गेले.

पुढे आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. चष्मा आला तशी ती धाकटीला म्हणाली, "ताईनं आणलं होतं ते पुस्तक पुन्हा आण. तेव्हा डोळे तुझे होते. आता माझ्या डोळ्यांनी वाचते."

धाकटीनं बरीच टाळाटाळ केली. सापडत नाही म्हणाली, बाहेर गेलंय म्हणाली. शेवटी आणलं.

आई बोट ठेवून, ओठ हलवत वाचायची. त्या प्रकरणात शिरली आणि तिचं बोट दप्तरावर थांबलं. पान संपवलं, परत पहिल्या ओळीपासून वाचलं. मग हाक मारली.

"हे तू वाचलं नव्हतंस."

धाकटी दारातच उभी राहिली. "तुला वाईट वाटलं असतं, आई."

"मला वाईट वाटावं म्हणूनच तर तिनं आणलं होतं ना, बाळ."

धाकटी रडायला लागली. आईनं तिला जवळ घेतलं नाही, रागावलीही नाही. "फोन लाव ताईला," म्हणाली.

तिकडे मशीनचा आवाज होता. "हं, आई?" आईनं मला नाकाजवळ धरलं आणि वाचायला लागली. शेवटचं प्रकरण, जिथे म्हातारी कबूल करते. अडखळत, जोडाक्षरांवर ठेचकाळत. मी माझे शब्द शक्य तितके ठळक धरून ठेवले होते.

वाचून झाल्यावर थोरली म्हणाली, "आई, हे पुस्तकातल्या बाईचं झालं. तू तुझं सांग."

आईचे ओठ हलले. आवाज फुटला नाही. फोन कानाला, हात माझ्या पानावर, आणि चेहरा परीक्षेला बसवलेल्या पोरासारखा. शेवटी तिनं विचारलं, "तिकडे थंडी आहे का गं?"

"आहे," थोरली म्हणाली. मग म्हणाली, "ठेवते. काम आहे."

आईनं फोन खाली ठेवला. मग धाकटीला म्हणाली, "पुस्तकातल्या आईला किती सोपं. तिला कुणीतरी लिहून दिलं होतं."

वाचकांनो, इतकी वर्षं मला वाटायचं, मी माणसांच्या मनातलं बोलते. आता वाटतं, माणसं मला पुढे करतात आणि माझ्या आड उभी राहतात. थोरली राहिली, धाकटी राहिली, आईसुद्धा राहिली. मला जरूर वाचा. पण जे तुम्हाला तुमच्या माणसाला सांगायचंय, ते माझ्यावर सोपवू नका. ते मला झेपत नाही.

मला परत करायची मुदत टळून गेलीय. आई मला मांडीवर घेऊन बसते. उघडत नाही. ओठ हलवून काहीतरी जुळवते, मान हलवते, पुन्हा जुळवते. माझ्यात हजारो शब्द आहेत, आणि त्यातला एकही तिच्या कामाचा नाही.