तुटलेली कांब

आमच्या आत्याला नसत्या चौकशा फार. माझ्या बाबांशी, म्हणजे सख्ख्या भावाशी, तिचा कित्येक वर्षं अबोला. पण मी पोलाद कसं तपासतो ते बघायला ती प्रयोगशाळेत हजर!

यंत्रानं भारी ताकदीची कांब दोन्हीकडून ओढली. धाडकन आवाज झाला, आत्या दचकली. मग तुटक्या टोकाला बोट लावून म्हणाली, "अगंबाई, गरम आहे की!"

मी दोन्ही तुकडे टोकाला टोक जुळवले.

"तुटल्यावर आता कशाला जुळवतोस?"

"तुटेपर्यंत कांब किती लांबली, ते असंच मोजतात."

"आणि चूक कुठल्या तुकड्याची?"

"आत्या, तेव्हा तुकडे नव्हतेच. कांब एकच होती."

तिनं स्वतः तुकडे जुळवून पाहिले.

"लाव त्या हट्ट्याला फोन," ती म्हणाली.