काळदरीच्या बाजूने

सृष्टीने 'सोनशिखराचा राजपुत्र' हे पुस्तक पहिल्यांदा वाचलं तेव्हा ती सहावीत होती. कवठे महांकाळजवळच्या तिच्या शाळेत त्याची एकच प्रत होती, पुठ्ठा निघालेली. उडते घोडे, बोलणारे बुरूज, कधी न संपणारी रात्र. सगळ्या वर्गाला त्या पुस्तकाचं वेड लागलं आणि मधल्या सुट्टीत त्याचाच खेळ सुरू झाला. राजकन्या व्हायला गोरी मुलगी लागायची. सृष्टी सावळी, त्यात धनगराची, म्हणून ती दरवेळी काळदरीची चेटकीण.

पुस्तकातच तसं होतं. काळदरीचे लोक काळेकुट्ट, घोंगडी पांघरून मेंढरांमागे फिरणारे आणि जन्मानेच कपटी. त्यांच्या बायका चेटकिणी. सोनशिखरावरच्या बायका तेवढ्या गोऱ्यापान, पण त्याही कुणी सोडवायला येईपर्यंत मनोऱ्यात बसून राहायच्या.

आता सृष्टी सांगलीच्या कॉलेजात मराठी घेऊन बी.ए. करत होती. पुस्तकाची नवी आवृत्ती निघणार होती, त्या निमित्ताने साताऱ्याच्या एका वाचनालयाने वादस्पर्धा ठेवली. विषय होता, 'जुन्या अद्भुत कथा आजच्या मुलांच्या हाती द्याव्यात का?' अध्यक्ष होत्या पुस्तकाचे लेखक विष्णुपंत यांच्या कन्या विनोदिनीताई, पंच्याहत्तरी ओलांडलेल्या निवृत्त शिक्षिका. सृष्टीने नाव दिलं. तिची आई बनाबाई म्हणाली, "म्या बी येती. तू बोलतीस कशी ते बघाय नगं व्हय?"

सभागृह भरलं होतं. आधी साताऱ्याचा वरद बोलला. आवाज खणखणीत, एकही शब्द अडखळला नाही.

"त्या काळी समाजच तसा होता," तो म्हणाला. "विष्णुपंतांनी कुणाचा द्वेष केला नाही, भोवती जे होतं ते लिहिलं. आजच्या फूटपट्टीने त्यांना मोजणं हा अन्याय आहे. आणि या पुस्तकानेच तर आपल्याला वाचायला लावलं."

टाळ्या थांबेपर्यंत सृष्टी माईकपाशी उभी राहिली. ती 'देऊ नयेत' असंच म्हणणार, अशी सगळ्यांची खात्री होती.

"द्याव्यात," ती म्हणाली. "मलाही याच पुस्तकाने वाचायला लावलं. वरद म्हणतात, काळच तसा होता. पण त्या काळात फक्त लिहिणारेच राहत होते का? ज्यांच्याबद्दल लिहिलं तेही तिथंच होते, विष्णुपंतांच्या गावाबाहेर, माळावर. ते स्वतःला कपटी समजत नव्हते. त्यांना कुणी विचारलं नाही, एवढंच. मग 'काळ तसा होता' म्हणताना आपण कुणाचा काळ धरतो?"

सभागृहात चुळबुळ झाली. वरदने हात वर केला. "तुम्हाला पुस्तक आवडतं, तर मग भांडण कशाचं?"

"आवडतं म्हणूनच. परक्याच्या पुस्तकाशी कोण भांडतं? घोडे उडवणाऱ्या माणसाला, मनोऱ्यातली बाई स्वतःच्या पायांनी जिना उतरेल, एवढी कल्पना सुचू नये याचं मला वाईट वाटतं. मुलांना पुस्तक द्या. पण खेळताना चेटकीण कोण होतं, तेही बघा."

भाषणाच्या शेवटी सांगायला तिने आईची हकिगत राखून ठेवली होती. कोकणच्या वाटेवर कळपात लांडगा शिरला, तेव्हा तान्ह्या सृष्टीला पाठीशी बांधून बनाबाईने त्याला काठीने हुसकून लावलं होतं. ती सांगितली असती तर सभागृह उठून उभं राहिलं असतं. सृष्टीने मागच्या रांगेत बसलेल्या आईकडे पाहिलं, "एवढंच" म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

पहिला क्रमांक वरदला मिळाला. ढाल घेऊन तो थेट सृष्टीपाशी आला. "आमच्या शाळेतही तो खेळ होता," तो हळूच म्हणाला. "मी कायम राजपुत्र. दुसरं कुणी काय होतं, ते आज आठवून बघतोय."

मग विनोदिनीताई काठी टेकत माईकपाशी आल्या.

"लहानपणी मी बाबांना विचारलं होतं, राजकन्येला खाली उतरता येत नाही का? ते म्हणाले, ती उतरली तर गोष्ट कशी होईल? तेव्हा मला ते पटलं. आज पटत नाही. नव्या आवृत्तीत बाबांचा एकही शब्द बदलणार नाही. पण सुरुवातीला या मुलीची प्रस्तावना असेल, तिची तयारी असेल तर. बाबांना आधी राग आला असता. पण त्यांनी ती वाचली असती, एवढं मी त्यांना ओळखते."

सृष्टीने उभं राहून मान डोलावली.

परतीच्या एसटीत बनाबाई बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. कराड मागे पडल्यावर तिने विचारलं, "लांडग्याचं का न्हाई सांगितलंस गं? घरात तर रोज घोकत हुतीस."

"सांगणार होते. मग वाटलं, तू लांडगा हाकलला नसतास तर काय चेटकीण ठरली असतीस? तुझं माणूसपण मी का सिद्ध करून दाखवायचं?"

बनाबाईने लेकीचा हात दोन्ही हातांत घेतला आणि मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "वाच की ते पुस्तक. बघू तरी कसं लिव्हलंय."

सृष्टीने स्पर्धेसाठी आणलेली जुनी प्रत पिशवीतून काढली आणि वाचायला सुरुवात केली. पुढच्या सीटवरची दोन माणसंही ऐकू लागली. काळदरीच्या लोकांचं वर्णन आलं तशी सृष्टी अडखळली.

"थांबू नगंस," बनाबाई म्हणाली.

सृष्टीने ते पान तसंच, आवाज न उतरवता वाचून काढलं. बनाबाईने शेवटपर्यंत ऐकलं.

"लय झ्याक लिव्हलंय," ती म्हणाली. "पर ह्यो मानूस आमाला वळखत न्हवता. तू वळखतीस. आता तू लिव्ह."