काळं पातेलं

"काळ्या पातेल्यात डुकराचं कधी शिजवायचं नाही, रेमेडियोस. मी असले नसले तरी."

आई दर सणाला हे बजावायची. किदापावान गावातली आमची गल्ली अशी, की आम्ही उत्तरेकडून आलेले इलोकानो ख्रिस्ती, समोर मधल्या बेटांवरचे बिसाया, टोकाला डोंगरावरून उतरलेलं मानोबो कुटुंब आणि भिंतीला भिंत लागून नोर्मिनामावशी, मॅगिंदानाओ मुसलमान. गोळीबाराच्या वर्षी मावशीनं आम्हाला अकरा दिवस आपल्या माळ्यावर ठेवलं होतं. पुढे आईनं हे पातेलं घेतलं आणि तिला शब्द दिला, की माझ्या घरी तुझ्या तोंडात चुकूनही नको ते जाणार नाही. जाताना तो शब्द तिनं माझ्या हाती दिला.

आज तिचं वर्षाचं जेवण. मावशीच्या पुतण्यानं पहाटे आमच्या अंगणात त्यांच्या रीतीनं बकरा कापला. मी चुलीजवळ जपमाळ ओढत बसले होते, काळ्या पातेल्यात रस्सा उकळत होता. भावजय जोव्हलिन तांदूळ धूत होती. सेबूहून लग्न होऊन आलेली, अजून तीन महिनेही झाले नव्हते.

"ताई, पातेलं कसं लखलखतंय बघा," ती कौतुकानं म्हणाली. "रविवारी ह्यांच्या वाढदिवसाचं डुक्कर शिजवलं ना, मग राखेनं दोनदा घासलं."

माझा मणी बोटातच राहिला. तिला काय माहीत? सांगायचं माझंच राहून गेलं होतं.

मला मानांग, म्हणजे ताई, म्हणणारा धाकटा भाऊ एर्निंग दारात होता. तो हळूच म्हणाला, "पातेलं काय उठून बोलणार आहे, मानांग? आज मावशी आपल्याकडे जेवली नाही, तर चाळीस वर्षांचं येणं-जाणं संपलं म्हणून समज."

खरं होतं ते. सांगितलं तर ती कदाचित पुन्हा आमच्या ताटाला हात लावणार नाही. न सांगितलं तर पोटभर जेवेल, आईची आठवण काढेल, मला आशीर्वाद देईल. तो आशीर्वाद मी कुठे ठेवू?

जोव्हलिन रडायला लागली. तिच्या पाठीवरून हात फिरवला. "तुझी नाही गं चूक, माझी आहे," म्हटलं.

चुलीतली लाकडं मागे ओढली. आईच्या दुःखाचा वर्षभराचा काळा झगा दुपारच्या प्रार्थनेनंतर उतरवायचा होता, तो तसाच राहू दिला. भिंतीपलीकडे मावशी उन्हात बसून नवी ओढणी सारखी करत होती, आमच्याकडे यायला.

जपमाळ खिशात ठेवली आणि तिच्या फाटकाकडे निघाले.