बारावी लाट

बारापैकी अकरा लाटा टायरानं डेन्मार्कभर वणवण करून गोळा केल्या होत्या. चौदा वर्षांपूर्वी तिनं समुद्राची ही बारा चित्रं केली, तेव्हा त्यांच्याकडे कुत्रंही फिरकलं नव्हतं; पुढे ती पडत्या भावात कुठे कुठे गेली. गवंड्यासारखा थापीनं रंग चढवायचा, चार बोटं वर उठेपर्यंत, आणि वर्षभर आडवं ठेवून वाळवायचं, असलं काम. आता कुठे संग्रहालयानं मोठं प्रदर्शन देऊ केलं होतं. अट एकच, बाराच्या बारा हवीत.

बारावं चित्र एस्बियर्गच्या एका मासळी कारखान्यातल्या, कामगारांच्या वर्गणीतून चित्रं विकत घेणाऱ्या कलामंडळानं घेतलं होतं. मंडळाच्या रिवाजाप्रमाणे वर्षअखेरीला सभासदांत चित्रांची सोडत निघाली आणि ते यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एवाल्डला लागलं. तो आता सत्तरीचा, एकटाच राहणारा.

"ये गं, ये. कॉफी तयार आहे," घराचं दार उघडत एवाल्ड म्हणाला.

सोफ्यावरच्या भिंतीकडे टायराची नजर गेली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लाटांची टोकं गायब होती. वापरलेल्या साबणाच्या वडीसारखं सगळं गुळगुळीत झालं होतं.

"हे काय केलंत तुम्ही?"

"काय म्हणजे? पुसतो दर शनिवारी. धूळ किती बसते ठाऊक आहे का? तुम्ही चित्रकार मंडळी करून मोकळी होता."

"कशानं पुसता?"

"ओल्या फडक्यानं. खाचाखोचांत दातांचा ब्रश. माझी बायको गुडरुन होती तोवर ती करायची, आता मी."

"अहो, चित्र आहे ते, मोरी नव्हे!"

एवाल्डनं शांतपणे केकचा तुकडा पुढे सरकवला. बशीसकट तो खिडकीबाहेर भिरकावावा असं टायराला वाटलं. राग त्याचा होताच, त्याहून स्वतःचा जास्त होता. चित्र कसं सांभाळायचं हे तिनं तरी कुणाला कधी सांगितलं होतं?

मग त्यानं कपाटातून कॉफीचा जुना डबा काढला. "तुटलेलं काही टाकलं नाही हं. बायकोनं चिठ्ठ्यासुद्धा लावल्यात."

डब्यात कागदात गुंडाळलेली टोकं होती. 'डावा कोपरा, मार्च.' 'मधली लाट, नाताळ.' टायराच्या जिवात जीव आला.

"मी सगळी परत बसवते! शुक्रवारी प्रदर्शन उघडायच्या आत होईल. प्रदर्शन संपलं की अगदी नव्यासारखं आणून देते."

"मग मी पुसायचं कसं?"

"पुसायचंच नाही. हातच लावायचा नाही त्याला."

एवाल्ड उठला. त्यानं मधल्या लाटेच्या खोबणीत अंगठा ठेवला, तो बरोबर बसला.

"हे तिनं झिजवलंय. नव्यासारखं नको मला." त्यानं डबा तिच्या हातात दिला. "हे तुझं, घेऊन जा. ते राहू दे."

टायरानं विनवण्या केल्या, मग भांडून पाहिलं. एवाल्डनं तिचा कप पुन्हा भरला.

बसमध्ये तिनं एक टोक काढून मुठीत दाबलं. तिनं थापीनं ओढलं होतं तसंच धारदार होतं अजून. तेवढ्यात संग्रहालयाच्या बोलेटचा फोन आला.

"मिळालं का बारावं? अट ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे. अकराच आहेत."

"आणि बारावं? मोडलं का?"

"नाही," टायरा इतक्या जोरात खेकसली की पुढच्या बाकावरच्यांनी मागे वळून पाहिलं. "ते वापरात आहे."