मतभेद पाहिजेत

ग्रंथपालबाईंना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. विज्ञान महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं काढलेली बाई. त्यांच्या हातून एक नोंद कधी इकडची तिकडे झाली नव्हती. इंधन व्यापारी संघाचे चिटणीस त्यांच्या घरी आले ते हीच ख्याती ऐकून, आणि नंतर अडचणीत आले तेही तिच्यापायीच.

"काम सोपं आहे बाई," चिटणीस म्हणाले. "पृथ्वी तापतेय आणि ती माणसामुळेच, असं म्हणे सगळे शास्त्रज्ञ म्हणतात. सगळेच कसे म्हणतील? चार माणसं जेवायला बसली तर मिठावरून एकमत होत नाही. तुम्ही शोधनिबंध वाचा आणि विरोधातली माणसं काढून द्या. आमची परिषद आहे. दोन्ही बाजू मांडायच्यात."

"आणि नाही सापडली तर?"

"शोधलं की देवही सापडतो, बाई."

"आमच्याकडे अजून आला नाही तो," आतून ताई म्हणाल्या. ताई म्हणजे बाईंची थोरली बहीण. दोघी एकत्र राहत. पाहुण्यांसमोर यायचं नाही, पण एकही वाक्य सोडायचं नाही, हा ताईंचा नेम.

घरात बसून ताईंशी वाद घालण्यापेक्षा बरं, म्हणून बाईंनी काम घेतलं. संघाच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांना एक खोली मिळाली. एक डुगडुगतं टेबल, नकाशांचं कपाट, आणि खिडकीतून दिसणारा संघाचा धक्का, जिथे कोळशाच्या बोटी लागत. बाईंनी टेबलावर तीन ट्रे मांडले. डावीकडे 'माणसामुळे', मध्ये 'माणसामुळे नाही', उजवीकडे 'कारणाबद्दल बोलत नाही'. आणि वाचायला बसल्या.

पंधरवड्यात डावा ट्रे भरून वाहायला लागला. महिन्याने त्यासाठी दुसरं टेबल आणावं लागलं. मधल्या ट्रेमध्ये लोक चहाचे कप ठेवू लागले. चिटणीस दर सोमवारी येत, आणि कढईत काही शिजलंय का बघावं तसे मधल्या ट्रेवर वाकून परत जात.

एकदा नकाशांच्या कपाटात बाईंना नवा कोरा आराखडा दिसला. धक्का चार फूट उंच करायचा होता.

"हे कशासाठी?" त्यांनी विचारलं.

"खबरदारी," चिटणीस म्हणाले. "आमचे इंजिनिअर म्हणतात, समुद्र वर येतोय."

"का येतोय म्हणतात?"

"बाई, ते तुमच्या कामात येत नाही."

तीन महिन्यांनी हिशेब असा लागला: डावीकडे अकराशे त्रेचाळीस, मध्ये चार. चिटणीसांना त्या चाराचाही केवढा आनंद! "वा! चार म्हणजे चौफेर!" पण बाईंचा स्वभाव आडवा आला. खात्री केल्याशिवाय नोंद करायची नाही म्हणून त्यांनी चौघांनाही फोन लावले.

पहिल्याच्या बायकोने उचलला. "ते जाऊन सहा वर्षं झाली. पण विरोधात होते म्हणता? असतील हो. माझ्या माहेरच्या प्रत्येक लग्नालासुद्धा ते विरोधातच होते." खात्री द्यायला माणूसच उरला नाही, म्हणून बाईंनी तो निबंध बाजूला काढला.

दुसरा खवळलाच. "तो निबंध मी चोविसाव्या वर्षी लिहिला! गणित चुकलं म्हणून पुढच्याच वर्षी स्वतः छापून कबूल केलंय. ते नाही वाचलंत?" बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी माफी मागितली आणि निबंध डावीकडे टाकला. अकराशे चव्वेचाळीस.

तिसरा माशांचा अभ्यासक. "मी इतकंच म्हटलं की आमच्या तळ्यातले मासे उकाड्याने मेले नाहीत. विषाने मेले."

"विष कुणी टाकलं?"

"माणसांनीच की!"

तो उजव्या ट्रेमध्ये गेला.

चौथे मात्र खरोखर विरोधात निघाले. लेखाखाली 'डॉक्टर' छापलं होतं. कसले, ते छापलं नव्हतं. ते दातांचे डॉक्टर होते. "येतो की!" ते खुशीत म्हणाले. "किती जण आहोत आपण?"

"ते चिटणीस सांगतील," बाई म्हणाल्या आणि पहिल्यांदाच अर्धवट उत्तर देऊन त्यांनी फोन ठेवला.

चिटणीसांनी सांगितलं, "पुष्कळ."

मग पुस्तिका छापायला गेली. आदेश होता की दोन्ही बाजूंना सारखी जागा. डाव्या पानावर अकराशे चव्वेचाळीस नावं मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत बसवली. उजव्या पानावर दातांच्या डॉक्टरांचं नाव. ते पान भरेना, म्हणून फुगवत फुगवत नेलं, तेव्हा आडनाव दोन ओळींत तुटलं. ताईंनी पुस्तिका हातात घेतली. "अगं, हा कोण निवडणुकीला उभा राहिलाय?"

परिषदेच्या दिवशी व्यासपीठावर डावीकडे हवामानाच्या तीन अभ्यासक बसल्या होत्या. उजवीकडे तीन खुर्च्या, त्यातल्या मधल्या खुर्चीत डॉक्टर. नवा कोट घातलेला, कागद नीट जुळवलेले. थोड्या वेळाने ते उजवीकडच्या खुर्चीकडे बघू लागले. मग डावीकडच्या. शेवटी उठून खाली पहिल्या रांगेत बाईंपाशी आले.

"बाकीचे कुठे अडकलेत?"

"बाकीचे नाहीत."

"म्हणजे आज आले नाहीत?"

"म्हणजे नाहीतच, डॉक्टर. तुम्हीच आहात."

डॉक्टर शेजारच्या खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा उतरला. बाईंना त्यांची दया आली. इतक्या वर्षांत चूक करणाऱ्याबद्दल त्यांना कधी दया वाटली नव्हती.

"तुम्ही सगळे निबंध वाचलेत?" डॉक्टरांनी विचारलं.

"सगळे. तुमचाही. दोनदा."

"कसा वाटला?"

"भाषा छान आहे."

डॉक्टरांनी घड्याळात पाहिलं, दवाखान्यात रुग्ण खोळंबलाय असं काहीतरी पुटपुटले आणि बाजूच्या दाराने निघून गेले.

पण परिषद काही थांबली नाही. अध्यक्ष स्वतः उजवीकडे जाऊन बसले आणि स्वतःच स्वतःला म्हणाले, "आता दुसऱ्या बाजूने बोलावं." बोलून झाल्यावर मध्ये येऊन त्यांनी स्वतःचे आभार मानले. तिघी अभ्यासकांना मिळून सात मिनिटं मिळाली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मथळा आला: 'शास्त्रज्ञांमध्ये तीव्र मतभेद'. तो चिटणीसांनी चौकटीत बसवून भिंतीवर लावला, आणि पुढच्या परिषदेसाठी नवा तज्ज्ञ गाठला. तो लिफ्ट दुरुस्त करतो. वरखाली होण्यातलं त्याला कळतं म्हणे.

संघाला नकोसे झालेले निबंध बाईंनी घरी आणून ठेवले. आठवड्याने त्यांच्या दारात डॉक्टर उभे. हातात रिकामी पिशवी.

"मला वाचायचेत," ते म्हणाले. "ते सगळे. पण मी हरलो म्हणून नाही हं. मला चुका काढायच्यात."

"काढा," बाई म्हणाल्या. "हात स्वच्छ आहेत ना?"

तेव्हापासून ते दर मंगळवारी दवाखाना बंद करून येतात. पाच निबंध नेतात, पाच आणतात. प्रत्येकावर पेन्सिलीने भांडलेलं असतं आणि बाई ते खोडरबराने पुसत बसतात. पहिले काही आठवडे डॉक्टर तावातावाने बोलत. ताई आतून शेरे मारत. आता त्या बाहेर येऊन मारतात.

गेल्या मंगळवारी डॉक्टरांचा नव्वदावा निबंध वाचून झाला.

"पटतंय का काही?" ताईंनी विचारलं.

"मुळीच नाही," डॉक्टर म्हणाले. मग पिशवीत निबंध भरता भरता, बाईंकडे न बघता म्हणाले, "या वेळी दहा नेऊ का?"