कॅपिलरीतला चोक

मे २००३. फ्रिज दुरुस्त करणाऱ्या धोंडीरामअण्णांनी मालनबाईंच्या फ्रीझरमध्ये डोकं घातलं होतं. पंचवटीत फुलं विकणाऱ्या मालनबाईंचे गजरे या जुन्या फ्रिजच्या भरवशावर टिकत. सुट्टीला आलेली साधना टॉर्च धरून बापाशेजारी उभी होती. पुण्यात ती अतिसूक्ष्म छिद्रांतल्या पाण्यावर पीएच.डी. करत होती.

"चोक झालाय," अण्णा म्हणाले. "कॅपिलरीच्या बारीक नळीच्या तोंडाशी पाण्याचा थेंब गोठलाय. गॅस अडला."

"अण्णा, अरुंद जागेत पाणी सहजी गोठत नाही. शून्याखालीही पातळ राहतं."

"मग माझ्या नळीनं तुझं पुस्तक वाचलेलं नाही."

मालनबाई हसल्या. "धोंडूभाऊ, लेक शिकलीय. ऐका की!"

साधनाला ते हसणं झोंबलं. "तुमचं सगळं ऐकीव, अण्णा. मी मोजलंय."

काडी पेटवून अण्णांनी नळीच्या टोकाशी धरली, कान लावला. सूंऽऽ करत गॅस वाहू लागला.

"हे तात्पुरतं," ते मालनबाईंना म्हणाले. "आत ओल आहे तोवर परत गोठणार. उद्या खोलून ओल शोषणारा फिल्टर बदलतो."

संध्याकाळी घरी ताटं वाढतानाच साधनाला चूक उमगली होती. तिची छिद्रं केसापेक्षाही हजारो पट बारीक. त्यांच्यापुढे अण्णांची नळी म्हणजे गोदावरीचं पात्र. तिथं पाणी गोठणारच. सकाळी सांगू, असं म्हणून ती जेवली.

सकाळी चहा घेताना अण्णांनी छाती धरली. दवाखान्यात ती सलाईनचे थेंब पाहत उभी राहिली. दुसरं काहीच तिच्या हातात नव्हतं. दुपारपर्यंत सगळं आटोपलं.

तेराव्यानंतर ती अण्णांची हत्यारांची पिशवी घेऊन मालनबाईंकडे गेली. गजरे ओल्या फडक्यात गुंडाळलेले होते.

"तुला कशाला बोलवू म्हटलं," मालनबाई म्हणाल्या.

साधनानं काडी ओढली. सूंऽऽ. दहा-पंधरा मिनिटांनी आवाज बारीक झाला, थांबला. दुसरी काडी. परत तेच. पिशवीत नवा फिल्टर होता, पण तो बसवायचा कसा, हे तिनं कधी विचारलंच नव्हतं.

"राहू दे, पोरी. बघीन दुसरा कुणी."

तिसरी काडी बोटापर्यंत जळत आली. साधनानं फ्रीझरमध्ये डोकं घातलं आणि मालनबाईंना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली,

"अण्णा, तुमचं बरोबर होतं. मला त्याच संध्याकाळी कळलं होतं."